बॉबिनचा खालचा सूर

बॉबिनचं बोलणं ऐकायचं तर कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे. तो वडिलांच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला, म्हणून हे टोपणनाव. तिथं ओरडून उपयोग नसतो, माणसं हाताच्या खुणांनी बोलतात. असा माणूस आमच्या मेटल बँडमध्ये ड्रम बडवायचा आणि मी गळा फाडून गायचो. सोलापुरात माझ्यासारखा ओरडणारा दुसरा नव्हता, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे.

सराव त्याच्याच शेडमध्ये, मागांच्या सुट्टीला. अशाच एका सुट्टीला तो म्हणाला, "लई पळतोय बे आपण. जरा रेंगाळू की." आणि स्वतःच बांधलेलं एक संथ, उदास गाणं खालच्या पट्टीत गायला. याला गॉथिक रॉक म्हणतात, हे मलाही ठाऊक होतं. त्याच्या गळ्यात ते इतकं आयतं बसेल, हे नव्हतं. "मयताला वाजवायचंय का बे?" मी म्हणालो. तो नुसता हसला, ते जास्तच झोंबलं.

सुरुवातीला चाहते माझ्या बाजूचे. "दादा, झोप आली की!" बार्शीहून मोटारसायकलवर येणारा एक जण ओरडला आणि मी मनातून सुखावलो. तिसऱ्या कार्यक्रमाला तोच गडी गॉथिकवाल्यांसारखं डोळ्यांत काजळ घालून पुढच्या रांगेत! मलाच विचारतो, "बॉबिनदादा कधी गाणार?" माझ्या अंगाची लाही लाही झाली.

त्याच रात्री बॉबिनचं गाणं ऐन रंगात आलं आणि मी मुद्दाम माइकमध्ये किंचाळलो. सभागृह गप्प झालं. त्यानं ड्रममागून हात वर करून चिमूट फिरवली. मागावर धागा तुटला की करतात ती खूण. "धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची. ओढायचं न्हाय," हे तो नेहमी म्हणायचा. तो थांबला, मला श्वास घेऊ दिला आणि तिथूनच गाणं पुढं उचललं. टाळ्या त्यालाच मिळाल्या.

मी बँड सोडला. तो पुण्याला गेला, नाव झालं. त्याची गाणी मी ऐकत नाही असं सांगतो, आणि सगळी ऐकतो. परवा फोनवर ते गाणं लागलं, त्याच कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग. मध्येच माझी किंकाळी, जशीच्या तशी, मग ती शांतता. खाली गायकांत माझं नाव, त्याच्याही आधी.

ती किंकाळी काढून टाकायची होतीस रे बॉबिन. निवांत जळत तरी राहिलो असतो.