इंजिनावरची चार बोटं जागा

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला आणि पाणी ओढणारं डिझेल इंजिन काठावरच्या खोपटात नुसतं उभं राहिलं. उन्हाळ्यात ब्लॉकवर गंज दिसू लागला, तेव्हा मी ते रंगवायला घेतलं.

रंग किती टिकेल ते खालचं लोखंड ठरवतं, असं माझं मत. घासलेटानं तेलकटपणा काढला, तारेच्या ब्रशनं लोखंड उघडं केलं, सोड्याच्या ओल्या फडक्यानं पुसलं. पाणी जपूनच वापरायचं होतं. शेवटी राहिलं ते समोरच्या बाजूचं स्वस्तिक. दर खंडेनवमीला बायको तेलात कालवलेल्या कुंकवानं ते काढायची. थरावर थर चढले होते. मी ब्रश टेकवणार, तोच भाकरी घेऊन आलेल्या तिनं माझा हात धरला.

"अवो, तेवढी जागा ऱ्हाऊ द्या."

"तेलावर रंग धरत नाही."

"न्हाई धरला तर न्हाई. औंदा इहीर आटली, त्यात इंजिनाचं कुंकू बी पुसता व्हय?"

"कुंकू होतंच की. आटायची राहिली का विहीर?"

"मग पुसल्यावर भरंल म्हनता?"

हसत बोलली, पण हात सोडला नाही. मी चार बोटं जागा सोडली. बाकी ब्लॉकला लाल प्रायमर दिला, त्यावर नगरहून आणलेल्या हिरव्या ऑइलपेंटचे पातळ हात. पहिला कडक वाळल्याखेरीज दुसरा नाही.

पुढच्या पावसाळ्यात विहिरीला पाणी आलं. इंजिन चालू लागलं, तापू लागलं, आणि कुंकवातलं तेल पाझरून रंगाखाली शिरलं. दिवाळीपर्यंत त्या जागेभोवतीचा रंग पोपडे धरून सुटला, खाली गंज. बाकी ब्लॉक नव्यासारखा. तिला दिसतच होतं.

एका सकाळी खोपटात गेलो, तर ती घासलेटाचं फडकं घेऊन स्वतःच स्वस्तिक पुसत होती.

"आता चालतं?" मी विचारलं.

"आता इहिरीला पानी हाय. अन् माझ्या कपाळाचं बी रोज आंघुळीला धुतेच की मी. फकस्त लगीच दुसरं लावायचं असतं. तुमचा रंग कवा वाळंल ते सांगा."

ती जागा घासून रंगवली, पण हिवाळ्याचं ऊन कोवळं, रंग वाळता वाळेना. ती येता-जाता बोट लावून बघायची. एकदा घाई झाली आणि ठसा उमटला. घासून पुन्हा हात द्यावा असं वाटलं होतं, पण राहू दिला. रंग अजून शाबूत आहे. खंडेनवमीला ती त्या ठशातच कुंकू लावते. कोरडं, तेल न घालता.