आत्या आत बसली नाही

वालीवच्या ऑफिसात फोन वाजला आणि सावंत वहिनींचा आवाज ऐकून माझ्या कपाळाला आठीच पडली. आमच्या इमारतीतल्या या पहिल्या मजल्यावरच्या बाई फोन करायच्या ते आत्याची तक्रार सांगायलाच. ‘गेटवर खुर्ची टाकून बसतात, साडी गुडघ्यापर्यंत वर... लोक काय म्हणतील?’ त्या दिवशी मात्र तक्रार नव्हती. ‘लवकर ये गं... आत्या खुर्चीतच गेल्या.’ हृदय बंद पडलं. पायाने नाही हं गेली, हृदयाने गेली. ठासून सांगतेय, कारण पायाने तिला हरवलं असं कुणी म्हटलेलं तिला मुळीच खपलं नसतं.

आत्याला हत्तीपाय होता, डावा. खाडीकाठच्या सासरी भातशेतीत राबताना ऐन तरुणपणी तो सुजू लागला. डास चावतो, त्यातून बारीक जंत अंगात घर करतो, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, आणि मग सूज उतरायचं नाव घेत नाही. गावात या रोगाच्या तपासणीला माणसं आली की तिचे दीर तिला मागच्या खोलीत बसवायचे. घरात लग्नाच्या मुली होत्या ना! ‘आमच्याकडं कोन नाय,’ असं दारातूनच सांगून मोकळे व्हायचे. पुढे मुली उजवल्या, दीर गेले, पण ती खोली आत्याच्या मनातून गेली नाही. तिचे यजमान वारल्यावर मी तिला फुलपाड्याला आमच्या घरी आणायला गेले, तेव्हा आधी तिने बजावलं, ‘येते, पन मना आत बसवायचं नाय.’

एकदा मी तिला पेपर वाचून दाखवत होते. देशात हत्तीरोग अजून कुठे, किती, अशी काहीतरी बातमी होती. तिने मध्येच थांबवलं. ‘यात मी हाय काय?’

‘आत्या, त्यात नावं नसतात गं.’

‘नाव नको. पन मना मोजलं काय?’

मागच्या खोलीत लपवलेली बाई कोण मोजणार? आणि अशा खोल्या या देशात किती असतील? मला तेव्हा संताप आला होता, अजून येतो. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आम्ही दवाखान्यात गेलो. तिने टेबलासमोर पाय पुढे केला नि म्हणाली, ‘हा मांडून घ्या.’ परत येताना स्वारी भलतीच खुशीत होती.

हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आरोग्य केंद्रातल्या ताई आल्या की तिच्या उत्साहाला ऊत यायचा. आमच्या फ्लॅटवाल्यांची नाना कारणं. हा गावाकडचा रोग, आम्हाला कशाला, ठेवून जा, मग घेतो. मग कसली घेतायत! आत्या गेटवर स्टुलावर पाय पसरून बसायची आणि ओरडायची, ‘जेवून आलास ना? मंग माझ्यासमोर गिळ!’

सावंत वहिनी एकदा तडकल्या. ‘तुमच्या पायाची लागण आम्हाला झाली म्हणजे?’

‘माझ्या पायातनं काय उडत नाय गो. ते गटारावरचे डास बघ.’

‘एवढी गुणाची गोळी, तर तुमचा पाय का नाही उतरला?’

‘माझा नाय उतरनार आता. तुझ्या पोराचा सुजू नये म्हनून सांगते. घे पानी.’

वहिनींनी निमूट गिळली. तक्रारी मात्र चालूच ठेवल्या, हेही खरं.

परवा गोळ्या घेऊन नव्याच ताई आल्या. दारात उभ्या राहून विचारलं, ‘घरात हत्तीपायाचं कुणी?’ मी नाही म्हटलं. ‘बरं झालं, एक कमी झाला,’ हातातल्या जुन्या यादीवर काट मारत त्या बिचाऱ्या सहज बोलून गेल्या. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ‘कमी झाला नाही, ताई. माझी आत्या गेली. रोग हटला म्हणून आकडा उतरला, असं इथे तरी कुणी समजू नका.’ आणि त्यांच्यासमोर माझ्या गोळ्या गिळल्या.

दाराबाहेर तिची चप्पल अजून आहे. नाक्यावर मापाने करून घेतलेली, उजवी साधी, डावी भली रुंद, पट्ट्यांची. रोज संध्याकाळी साबणाने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच ती त्यात पाय घालायची. ताई गेल्यावर जिन्यातून उतरणाऱ्या सावंत वहिनी तिथे घुटमळल्या. ‘आता आत ठेव गं ती. येणारेजाणारे बघतात...’

‘बघू देत,’ मी म्हटलं. ‘आत नाही जायची ती.’