भेगेवरची पोस्टरं

“हात दाखवा, सर.” पोस्टरची गुंडाळी सोडण्याआधी पेंटरचाचा हमखास म्हणायचे. बोटांना भज्याचं तेल दिसलं की गुंडाळी परत काखेत. लातुरात दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा माणूस संगणक कंपन्यांची जुनी पोस्टरं जमवायचा, हे सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नव्हता.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रदर्शन संपलं की हे हजर. हैदराबादच्या रद्दीवाल्यांशीही दोस्ती. संगणकाला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. “डब्यात काय चालतं ते तुम्ही बघा. मला त्याची निशाणी बघायचीय.”

त्यांचा सगळ्यात लाडका होता एका पोस्टरवरचा नारिंगी चौकोन. “बघा, अक्षर रंगवलंच न्हाई! बाजूचं रंगवलं, अक्षर आपोआप उभं राहिलं. कमाल हाय का न्हाई?” बोट कागदापासून वीतभर लांब धरून ते त्या अक्षरावरून फिरवायचे. मी हो हो करायचो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. गल्लोगल्ली क्लास निघत होते, मीही संगणकाचा काढला. खोलीच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत भेग होती. घरमालक म्हणाला, नुसता गिलावा तडकलाय. पण आमच्याकडचे पालक तेव्हा आधी भिंती बघायचे, मग मास्तर.

उद्घाटनाला शोभा म्हणून चाचांनी आपली सगळी पोस्टरं आणून दिली. “दोऱ्यानं टांगा. खिळा नको, गोंद तर न्हाईच,” असं बजावून ते नांदेडला पाट्यांच्या कामाला गेले. पण टांगलेली पोस्टरं पंख्याने हलायची आणि भेग डोकावायची. मी मैद्याची खळ शिजवली आणि सगळी चिकटवून टाकली. नारिंगी चौकोन बरोबर भेगेवर.

आठवड्याने चाचा आले. भिंतीकडे बघत राहिले. फडकं भिजवून चौकोनाचा कोपरा ओला केला आणि नखाने उचलू लागले. तेवढ्यात एक पालक मुलीला घेऊन जिना चढून आले.

“चाचा, आत्ता नको,” मी दबक्या आवाजात म्हणालो.

“हे कोण हायत?” पालकांनी विचारलं.

“भिंती पुसायला आलेत.”

हे लिहितानाही मला लाज वाटते. खळ लावल्याची वाटते, त्याहून जास्त या तीन शब्दांची.

चाचांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग खरंच भिंत पुसू लागले. खिडकीपासून दारापर्यंत, एकाही पोस्टरच्या कडेला पाणी लागू न देता. मुलीचं नाव नोंदवून पालक खूश होऊन गेले. चाचांनी फडकं पिळलं.

“अजून कुठली भिंत हाय का, सर?”

खोलीत आम्ही दोघंच होतो. आता खोटं बोलायची काहीच गरज नव्हती. पाय धरता आले असते, निदान नाव घेऊन माफी मागता आली असती.

“नाही,” मी म्हणालो, “एवढीच होती.”

चाचांनी मान हलवली, चपला घातल्या आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत.