याडीच्या लाल ओळी

माझ्या कॉम्प्युटरवर एक टेक्स्ट फाइल आहे, याडीच्या आणि माझ्या चॅटची. याडी म्हणजे आई. पुसदकडच्या आमच्या बंजारा तांड्यात आईला याडीच म्हणतात. ती वारली आणि तिचं दिवसकार्य व्हायच्या आधीच भावानं तिचा फोन साफ करून पुतणीला देऊन टाकला. आमच्यात वारलेल्या माणसाच्या वस्तू ठेवत नाहीत. कपडे, ताट, चपला, सगळं वाटून टाकतात, नाहीतर जीव घुटमळत राहतो म्हणे. फोनही त्याच वाटपात गेला.

भावाला अक्कल नाही असं मी म्हणणार नाही. फोन पुसण्याआधी त्यानं आठवणीनं चॅट मला मेल केली आणि वरून कळवलं, "सगळं पाठोलं तुले." पण पाठवताना फोननं विचारलं असणार, आवाज आणि फोटो सोबत पाठवू का? तांड्यात नेटची बोंब. पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तर एखादी कांडी दिसते. त्यानं 'नको' दाबलं. कुणीही दाबलं असतं. माझा जुना फोन तर उन्हाळ्यातच बंद पडला होता, त्यातून काहीच निघालं नाही, आणि नव्यात जागा भरू नये म्हणून तिचं ऐकून झालं की मी पुसून टाकायचे. तेव्हा मला वाटलं होतं, जाऊ दे, याडीकडे आहेच की सगळं.

आता गंमत बघा. याडीला लिहिता येत नव्हतं. आणि येत असतं तरी काय लिहिणार? घरात बोलायचं गोरबोलीत आणि लिहायचं मराठीत, ही आमची सगळ्यांचीच रीत. म्हणून ती आपली बोलून पाठवायची. मी पुण्यात ऑफिसात बसलेली, तिथं कुठं तोंड उघडता येतं? मी मराठीत टाइप करायचे आणि माझा बा तिला ते वाचून दाखवायचा. असं वर्षानुवर्षं चाललं.

तर त्या फाइलीत तारीख आहे, वेळ आहे, 'याडी' आहे आणि त्यापुढं 'मीडिया वगळला', म्हणजे जिथं तिचा आवाज होता तिथं फोननं ठेवलेली खूण. पुन्हा याडी, पुन्हा 'मीडिया वगळला'. पानंच्या पानं. अख्ख्या फाइलीत माझ्या आईचा एक शब्द नाही.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहिते. ज्या एडिटरमध्ये लिहिते, त्यात शब्दांना रंग देता येतात. अशी ओळ दिसली तर निळी कर, तशी दिसली तर हिरवी, असे नियम सांगून ठेवायचे. म्हटलं, ही फाइल तरी वाचण्यासारखी करू. सवयीनं पहिला नियम लिहिला तो 'मीडिया वगळला' फिकट राखाडी करण्याचा. बिनकामाचं आम्ही असंच मागं ढकलतो. माझ्या ओळी निळ्या केल्या. आणि पडद्यावर बघते तर याडी गायब, नुसती मीच. हो. जेवले. बरं. उद्या करते. वेड लागल्यासारखी एकटीच बडबडतेय आणि समोर कुणी नाही. असा संताप आला! नियम पुसला आणि तिच्या ओळी लाल केल्या, तिच्या फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, घेरासारख्या लाल. मग कळलं, फाइल तिनंच भरलेली आहे.

मग मी माझ्या उत्तरांवरून तिचं बोलणं शोधायला लागले. 'तिखट पाठव, पण या वेळी पिशवी नीट बांध.' हे वाचलं की ती लगेच ऐकू येते, कारण त्याआधी एसटीत तिखटाची पिशवी फुटली होती आणि कंडक्टरसकट सगळी गाडी शिंकत दारव्ह्यापर्यंत गेली होती. ते सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. 'ते स्थळ नको, त्याची आई फार बोलते.' यावर ती म्हणाली होती, तुझी काय कमी बोलते? जे आठवलं ती ओळ गडद लाल, जे नाही आठवलं ती फिकी, असे नियम वाढवत गेले. नुसत्या 'हो'च्या वरच्या ओळी बहुतेक फिक्याच राहिल्या. एकेका ओळीसाठी जीव तळमळतो.

सगळ्यात शेवटी तिची एक ओळ आहे आणि खाली माझी. 'हो याडी, नक्की.' त्यानंतर काही नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

कशाला 'नक्की' म्हटलं होतं मी? ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं. ऐकल्याशिवाय मी कुणाला नक्की म्हणत नाही. पण ती गेल्याचा निरोप आला आणि त्याच्या आधीचं सगळं डोक्यातून धुऊन गेलं. भावाला विचारलं. तो म्हणाला, दिवाळीला ये म्हणाली असेल. वहिनी म्हणाली, लग्नाचं असेल. असेल, असेल. मला 'असेल' नको होतं.

शेवटी तांड्यावर गेले. बा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. शेजारी बसून मीही सोलायला लागले आणि विचारलं. तो आमच्या बोलीत बोलला, मी ते तिकडच्या वऱ्हाडी मराठीत आणते.

"काय म्हणली ते मले नाही ठाऊक. मी वावरात गेलतो, ती एकटीच बोलली फोनमंदी." मग हातातली शेंग तशीच धरून म्हणाला, "पण तुझं उत्तर दोनदा वाचाले लावलं. मंग म्हणे, झालं, आता मले चिंता नाही."

मी तिथंच शेंगांच्या टरफलांत तोंड खुपसून रडले. बा पाठीवर हात ठेवून बसला.

पुण्याला परत येऊन फाइल उघडली. ती ओळ अजून फिकीच आहे. तिनं काहीही सांगितलेलं असू दे, मी आज करीन, सगळं सोडून करीन. पण काय करायचंय तेच मला माहीत नाही, आणि ती मात्र माझ्या भरवशावर निश्चिंत होऊन गेली.