बंद गाडीतला थवा

कोर्टात टायपिस्ट म्हणून पस्तीस वर्षं दुसऱ्यांची भांडणं टाइप करून मधमावशी निवृत्त झाल्या, आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या गच्चीतल्या एका कुंडीवर मधमाश्यांचा थवा येऊन बसला. घरचे फवारणीवाल्याचा नंबर शोधत राहिले आणि या बाई खुर्ची टाकून चार तास माश्यांकडे बघत बसल्या. पुढे त्यांनी रीतसर शिकवणी लावली, मधपेट्या आणल्या, आणि पेट्या वाहायला हवी म्हणून बासष्टाव्या वर्षी गाडी शिकून एक जुनी गाडीही घेतली. ‘मधमावशी’ हे नाव तेव्हापासूनचं. कुणाच्या छपराखाली माश्या बसल्या की आता फोन त्यांनाच यायचा.

त्यांचा धाकटा दीर टॅक्सी चालवायचा. गाड्यांची नस न नस त्याला ठाऊक, पण माशी म्हटली की पाचावर धारण बसायची. एकदा वहिनीच्या गच्चीत कानाच्या पाळीला डंख बसल्यापासून त्याने तो जिना चढणं सोडलं होतं. काही द्यायचं-घ्यायचं असलं की खाली उभा राहून हॉर्न वाजवायचा.

त्या दिवशी सकाळी सकाळी फोन आला तो वाचनालयातून. दरवाज्यावरच्या छज्ज्याला फुटबॉलएवढा थवा लटकला होता आणि ग्रंथपालबाई मागच्या दाराने आत शिरल्या होत्या. बाहेर दाट धुकं होतं. मावशी गाडीचे दिवे लावून निघाल्या, पोचल्या, आणि छज्ज्याकडे बघता बघता दिवे बंद करायचं साफ विसरल्या.

थवा उतरवायला तीन तास लागले. राणीमाशी एकदा पेटीत गेली की बाकीच्या आपणहून मागे जातात, पण त्यांना घाई केलेली चालत नाही. मावशी शिडीवर उभ्या राहून एकेक झुपका हळूच पेटीत झटकत होत्या. अखेर शेवटची शंभर-दीडशे माश्यांची रांगही आत शिरली तेव्हा धुकं केव्हाच विरलं होतं आणि ऊन चांगलंच तापलं होतं. मावशींनी पेटी मागच्या सीटवर ठेवली, जाळीचा टोप आणि हातमोजे पुढच्या सीटवर टाकले, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास नको म्हणून काचा वर केल्या आणि किल्लीचं बटण दाबलं. गाडी लॉक झाली खरी, पण आवाज घशात अडकल्यासारखा आला. मावशींनी तिकडे लक्ष दिलं नाही. शिडी परत करून पाच मिनिटांत त्या आल्या, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. जवळ जाऊन दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. तेवढ्यात त्यांची नजर पुढच्या दिव्यांच्या खटक्याकडे गेली. तो सकाळपासून चालूच होता. बॅटरी संपली होती.

मावशींनी मागच्या काचेला कान लावला. पेटीतला आवाज बदललेला होता. मघाचा संथ गुणगुणाट जाऊन मोठ्या पंख्यासारखी घरघर चालू झाली होती. माश्या जिवाच्या आकांताने पंख हलवून पेटी थंड ठेवायला बघत होत्या. उन्हातल्या बंद गाडीत हे फार वेळ टिकणार नाही, वीस मिनिटं, फार तर पंचवीस, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पंधरा-वीस हजार जीव होते आत.

बघता बघता माणसं जमली. गाडीपासून पंधरा पावलांवर एक नीटस गोल तयार झाला. दार उघडायला हवं यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि ते उघडताना आपण तिथे नसावं यावरही. वाचनालयाचा वॉचमन तेवढा वीट घेऊन पुढे आला.

मावशींनी त्याला हाताने थांबवलं. काच फुटली तर तुकडे पेटीच्या जाळीवर पडणार, तापलेल्या माश्या एकदम बाहेर येणार आणि हा सगळा गोल पळत सुटणार. पण दुसरं काही जमलं नाही तर वीट आहेच, असं त्यांनी त्याला सांगितलं. घड्याळ बघा आणि दहा मिनिटं मला द्या, म्हणाल्या. मग त्यांनी दिराला फोन लावला.

“भाऊजी, बॅटरी गेली. गाडी बंद, आत माश्या आहेत.”

दिराने एकच विचारलं, “वहिनी, हातात किल्ली आहे ना? तिच्या बाजूला बारीक खटका असेल. तो दाबून ओढा. तिच्या पोटात खरी किल्ली असते.”

चार वर्षं ती किल्ली मावशींच्या पर्समध्ये होती आणि तिच्या पोटात काय आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. खटका दाबला, ओढलं, आणि बोटाएवढं लोखंडी पातं हातात आलं. पण ते घालायचं कुठे? दाराला भोकच नव्हतं. दीर म्हणाला, हँडलच्या शेजारी जे टोपण दिसतंय त्याच्या खालून पातं घालून उचका. मावशींनी उचकलं. टोपण उडून वॉचमनच्या पायाशी पडलं आणि आत खरोखरच कुलपाचं भोक होतं.

किल्ली आत गेली, पण फिरेना. इतकी वर्षं कुणी वापरलंच नव्हतं ते कुलूप. मावशींनी जोर लावला तसं पातं किंचित वाकल्यासारखं वाटलं आणि त्यांनी लगेच हात सैल केला. फोनमधून दीर ओरडून सांगत होता की जोर करू नका, शिसपेन्सिलीची पूड घाला. वाचनालयात पेन्सिलींना काय तोटा! ग्रंथपालबाईंनी खिडकीतून तीन फेकल्या. वॉचमनने वीट खाली ठेवली आणि चाकूने शिसं खरवडून कागदावर पूड केली. मावशींनी ती फुंकर मारून भोकात घातली, किल्ली आतबाहेर केली, पुन्हा पूड, पुन्हा किल्ली.

“सात मिनिटं झाली,” वॉचमन म्हणाला.

मावशींनी डोळे मिटले आणि बोटांनी किल्ली डावी-उजवी अगदी हळू हलवत राहिल्या. एक केसभर फिरली. मग अजून एक. मग आतून ‘खट्’ झालं.

दार उघडताच भट्टीसारखी धग तोंडावर आली. पेटीच्या फटीतून निसटलेल्या पन्नासेक माश्या गाडीत सैरभैर फिरत होत्या आणि टोप-मोजे नेमके त्यांच्या मधोमध होते. ते घालत बसायला वेळ कुठला? मावशी तशाच आत शिरल्या, दोन सीटांमधून हात लांब केला आणि मागच्या दाराची आतली कडी ओढली. मनगटावर एक डंख बसला, मानेवर दुसरा. त्या तशाच खाली उतरल्या. मागच्या बाजूने पेटी उचलली आणि झाडाखालच्या गार फरशीवर नेऊन ठेवली. रुमाल भिजवून जाळीवर धरला. घरघर हळूहळू उतरत गेली आणि शेवटी नुसती गुणगुण उरली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. गोलातून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच.

एवढ्यात टॅक्सी येऊन उभी राहिली. दीर काचा घट्ट लावून आतच बसला होता. पेटी कुठे आहे याची त्याने काचेआडून खात्री करून घेतली, तरी कुणा सवारीची टॅक्सीत राहिलेली शाल डोक्याला गुंडाळूनच उतरला. बॅटरी जोडायच्या तारा त्याने टाकल्या मात्र झटक्यात, आणि मावशींना स्टार्ट करायला सांगितलं. गाडी दोनदा कुथली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली.

“वहिनी, किती मेल्या?” त्याने शालीतूनच विचारलं.

“मूठभर,” मावशी म्हणाल्या. “राणी आहे. आवाजावरून कळतंय.”

पेटी गाडीत ठेवताना मात्र दुसरी बाजू त्याने धरली. तोंड दुसरीकडे वळवलं होतं, पण सोडली नाही.

मावशींनी पेटी गच्चीत पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवली. मनगट सुजून भाकरीसारखं झालं होतं, तरी दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या तिथे हजर होत्या. पहिली माशी दारात आली, थोडी घुटमळली आणि उडाली. मग दुसरी, मग दहा-बारा. पाऊण तासाने एक परतली तेव्हा तिच्या मागच्या पायांना परागाचे दोन पिवळेधमक गोळे होते. ती सरळ पेटीत शिरली आणि मावशींनी खुर्ची आणखी जवळ ओढली.