पाळकसाहेब आल्याशिवाय

शेळगावात पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी दहाला आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना असायची. खरं तर पाळकसाहेबांची मोटारसायकल बारामतीहून येईल तेव्हा ती सुरू व्हायची. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आठवडाभर मी एमआयडीसीतल्या एका डेअरीत दुधाच्या पिशव्या भरायचे. रविवार हा एक दिवस माझा.

त्या रविवारी साडेअकरा वाजले. पत्रा तापलेला, लेकरं रडतायत, आणि माझ्या सासूबाई साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवरचा टॉवेल नीट करत बसलेल्या.

"आत्याबाई, सुरू करू या," मी म्हटलं.

"सायेब आल्याबिगर?"

"देव आलेला हाय की."

"लई शानी हायेस."

मी उठले आणि गीत धरलं. आधी दोघीतिघी, मग निम्मी शेड गाऊ लागली. मी प्रार्थना करत होते तेवढ्यात साहेब आले. आमेनलाही थांबले नाहीत.

"माझ्या मंडळीत हे कुणी चालवलंय?"

"मंडळी तुमची न्हाय, प्रभूची हाय."

"मग घरी जाऊन कर!"

माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. मी चालती झाले.

पुढच्या रविवारी सात बायका प्रार्थनेला माझ्या ओसरीवर आल्या. सासूबाई नाक मुरडून शेडकडे गेल्या. महिन्या-दोन महिन्यांत ओसरी पुरेना. "तुमच्या प्रार्थनेत लई ताकद हाय," बायका म्हणायच्या. मी नको नको म्हणायचे आणि ऐकत राहायचे.

मग एका रविवारी कामावर जादा पाळी लागली, परतताना एसटी चुकली. एक वाजता पोचले तर बायका मुकाट्यानं बसलेल्या. गीत नाही, प्रार्थना नाही.

"तुमच्याबिगर कसं सुरू करायचं?" एकजण म्हणाली.

मला गोड वाटलं. खोटं कशाला सांगू?

तोवर सासूबाई शेडवरून परतून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ये बाई. तुजी वाट बघत देवबी बसून ऱ्हायलाय."

अंगाची आग झाली. त्यांना काही बोलता येईना, म्हणून मी बायकांवरच ओरडले, "तुमाला तोंडं न्हाईत का? माझ्यासाठी येत असाल तर येऊ नका!" त्या चिडून उठल्या. काही शेडवर परत गेल्या, काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं.

तीन रविवार घरात काढून मीही शेडवर गेले. मागं, दाराशी बसले. साहेबांनी मला पाहिलं आणि कळपातून हरवून परत आलेल्या मेंढरावर उपदेश केला, अर्धा तास, नजर माझ्यावरच. बायका हसत होत्या. मी दात आवळून बसून राहिले. साहेबांसाठी आले नव्हते, पण त्या दिवशी देवाशी एक शब्द बोलता आला नाही. सगळा वेळ मनातल्या मनात त्या माणसाशीच भांडत होते. प्रार्थनेला डोळे मिटल्यावर तो समोरून हटायला पुढं कितीतरी वर्षं गेली.