पिवळीचं पहिलं बाळंतपण

लग्नात जावयाला घड्याळ देतात, अंगठी देतात. माझ्या सासऱ्यांनी मला मासे दिले. एक नर, एक मादी. दोघंही लिंबाच्या सालीसारखे पिवळेधमक, पाठीवरच्या पराला काळी किनार. आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातली ही सिक्लिड जात. तिला पेणच्या नळाच्या पाण्याची सवय लावून सासऱ्यांनी तिच्या कित्येक पिढ्या वाढवल्या होत्या. वऱ्हाड रोह्याला निघालं तेव्हा सासूबाई मुलीकडे बघून रडल्या आणि सासरे माशांच्या पिशवीकडे बघून. हे मी पदरचं सांगत नाही. बायको अजून त्यांना ऐकवते.

सासरे पेणला गणपतींच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे. ज्याच्या हातात डोळे, त्याच्या तोंडात शब्द कमी असावेत असा काही नियम असेल तर तो त्यांनी पाळला होता. माझ्याशी तर ते थेट बोलतच नसत. मी समोर पाटावर बसलेलो असताना मुलीला म्हणायचे, "त्यांना विचार, चहा घेणार काय." ती मला विचारायची, मी तिला "हो" म्हणायचो, ती त्यांना सांगायची. चहा येईपर्यंत त्याच्यावर साय धरलेली असे.

लग्नानंतरच्याच सीझनला घात झाला. त्यांची टाकी कारखान्यातच होती आणि ऐन घाईत कुणीतरी रंगाचा फवारा तिच्या शेजारी उडवत बसलं. टाकीत हवा सोडणाऱ्या मोटरीनं तो सगळा वास ओढून पाण्यात घातला. संध्याकाळपर्यंत सगळे पिवळे उताणे. त्या वंशाचं पेणमध्ये एकही मासळं उरलं नाही. उरली ती फक्त आमच्याकडे, रोह्याच्या चाळीत नांदणारी जोडी. सासऱ्यांनी टाकी घासूनपुसून घरी ओटीवर आणली, पाणी भरलं आणि रिकाम्या पाण्यासमोर बसू लागले. बायकोकरवी निरोप आला, "त्यांना सांग, पिवळीला पिल्लं झाली की पयली माझ्याकडं."

एवढीच साधी गोष्ट. पण साधी गोष्ट साधी राहू देईन तर तो मी कसला!

मी तेव्हा एका केमिकल कंपनीत शिफ्टवर होतो. कंपनीच्या कामाला मुंबईला गेलो असताना माशांच्या दुकानात डोकावलो आणि तिथे ती दुसरी जोडी दिसली. बदामी अंगावर काळे ठिपके, तोंडाला मिशा आणि चेहऱ्यावर उधारी बुडवून आल्यासारखा भाव. दुकानदार म्हणाला, हे कोकिळेच्या चालीचे मासे. पिवळीची जात अंडी घातली की ती तोंडात उचलून घेते आणि पिल्लं होईस्तोवर तोंडातच सांभाळते. ती अंडी घालत असली की हे मध्ये घुसतात आणि आपली अंडी तिच्यात मिसळून देतात. ती बिचारी सगळीच उचलते.

"आमच्या रायगडात कुणी ही जात काढली आहे का हो?" मी विचारलं.

"रायगडात? साहेब, इथं मुंबईतसुद्धा कुणाला जमलेली नाही."

झालं. मला माझा सत्कार दिसायला लागला. हिशेब सोपा होता: तोंड एक, पोरं दोन जातींची, पिवळी सासऱ्यांना, ठिपक्यांची मला. कावळीण दोघांना वाढवते, ही का नाही वाढवणार? त्या बंद तोंडात पुढे काय होतं, ते दुकानदारानं सांगितलं नाही आणि सत्काराच्या गडबडीत मी विचारलं नाही.

ते ठिपकेवाले पाहुणे विकत घेऊन चाळीत आणले तेव्हा शेजारीण बघायला आली. मिशा बघून म्हणाली, "शिंगाळी आणलीत व्हय? चिंच लावून कालवण करा, चांगली लागतील." पुढे जे घडलं ते बघता तिचं ऐकायला हवं होतं.

एका रविवारी सकाळी मुहूर्त लागला. पिवळा-पिवळी चपट्या दगडावर गोल गोल फिरू लागले. ती अंडं घालायची, वळायची, उचलायची. तेवढ्यात ठिपकेवाले कबड्डीतल्या चढाईसारखे आत घुसले. नुसता धुरळा. पिवळी गडबडली आणि दिसेल ते अंडं भराभरा तोंडात कोंबू लागली. मी काचेला नाक लावून ओरडत होतो, "शाब्बास! घुस! घुस!"

"अहो, ते तिची अंडी खातायत," बायको म्हणाली.

"खात नाहीत गं. गर्दी आहे, धक्काबुक्की होणारच."

"तोंड हलतंय त्यांचं."

"मिशा हलतायत."

पिवळीचा गळा फुगला, तिनं खाणं सोडलं. बायकोनं कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून माहेरी ही बातमी कळवली आणि सासूबाईंनी फोनवर निकाल दिला, "पयलटकरीण हाय ना ती? मग पयलं बाळातपण म्हायेरी. रीत ती रीत."

शेजारी रिसीव्हरला कान लावून मी हसलो. मला वाटलं, सासूबाई थट्टा करतायत. तेवढ्यात फोन सासऱ्यांच्या हातात गेला. "त्यांना सांग, घेऊन या. टाकी तयार हाय."

एक मासा बाळंतपणाला रोह्याहून पेणला न्यायचा! पण सासऱ्यांच्या आवाजात असं काही होतं की आठवड्यानं सुट्टी मिळताच मी निमूट बरणी धुतली. तिच्यात अर्धं पाणी, पाण्यात पिवळी, तोंडाला फडकं, वर काळोख हवा म्हणून बायकोची जुनी शाल. पॅसेंजरच्या खिडकीशी ती बरणी मांडीवर घेऊन बसलो. निडी स्टेशनला एक मावशी रिकामी पाटी घेऊन चढली, समोर बसली आणि शालीकडे बघत राहिली.

"काय हाय त्यात?"

"मासा."

"शालीत?"

"बाळंतपणाला नेतोय," बायको म्हणाली. तिला यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

मावशीनं शाल बाजूला करून आत पाहिलं. "पोट तर दिसत नाय गो."

"पोटात नाहीत, तोंडात आहेत."

"तोंडात?" मावशीनं जरा विचार केला. "मग हिला कळा कुठं येतील? दाढंला?"

अख्ख्या डब्याला ही चर्चा पुरली. बाळंतिणीला डिंकाचे लाडू चालतील का, ठसका लागला तर काय, तोंड बंद असताना नवऱ्याशी भांडते कशी. एकानं मला विचारलं, "तुमी कोन हिचे?" मी पटकन "सासरचा" म्हणून गेलो.

कासूच्या आसपास गाडीनं धक्का दिला आणि पिवळीच्या तोंडातून काहीतरी बाहेर पडलं. कणभर पिल्लू. ते बरणीत इकडेतिकडे पळालं, पिवळीनं वळून त्याला परत आत घेतलं. पण तेवढ्यात बायकोनं पाहिलं होतं.

"अहो, त्याला मिशा होत्या."

"एखाद्याला असणारच. तोच तर माझा प्रयोग आहे. बाकीची पिवळी असतील."

"असतील ना? बाबा रोज त्या रिकाम्या टाकीपुढं बसतात हो."

मी "असतील" म्हणालो खरा, पण पेण येईपर्यंत बरणी एकाएकी जड लागायला लागली.

दारात सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. त्यांनी भाकरतुकडा बरणीवरून ओवाळून टाकला, पाणी टाकलं आणि मगच पिवळीला आत घेतलं. मला तसंच घेतलं. आळीतल्या बायका येऊन बघून गेल्या. एकीनं खरंच लाडू आणले. पिवळी उपाशी, म्हणून ते मी खाल्ले.

सासरे रोज टाकीपुढे. मी सुट्टी वाढवून घेतली होती. बाहेर येणाऱ्यांत एक तरी पिवळं असू दे म्हणून मी कारखान्यातल्या दिसेल त्या गणपतीला हात जोडत होतो. कित्येकांना तर अजून डोळेही नव्हते.

शेवटी एका दुपारी सासऱ्यांनी हाक मारली. कानाला कुंचला तसाच अडकवलेला. पिवळीनं तोंड उघडलं आणि एक पिल्लू बाहेर आलं. बदामी, ठिपक्यांचं, मिशाळ. मग दुसरं. मिशाळ. मग आणखी एक.

"यांच्या मागून येतील," मी म्हणालो.

पिवळीचा गळा सपाट झाला तरी पिवळं काही आलं नाही. शेजारच्या आजींनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मिशा जावयावर गेल्या गो!" सगळ्या बायका हसल्या. माझा हात आपोआप मिशीकडे गेला. सासरे हसले नाहीत.

"त्यांना विचार," ते मुलीला म्हणाले, "आमची कुठं गेली?"

मी दुकानापासून दगडापर्यंत सगळं सांगितलं. ते पिल्लांच्या गरगरीत पोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "यांची अंडी आधी फुटली असणार. आत बसून आमच्या पोरांवर पंगत झोडलीय यांनी. आणि ही उपाशी राहून त्यांना सांभाळत बसली."

त्यात मिशाळ पोरं घाबरून परत तिच्या तोंडात शिरू लागली आणि तिनंही त्यांना घेतलं. ते बघून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग सासरे माझ्याकडे वळले. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी थेट बोलले ते हे पहिलं वाक्य: "पोरं तुमच्या घरची, ती न्या. मुलगी नांदायला धाडणार नाय."

मी बायकोकडे पाहिलं. "पिवळीबद्दल बोलतायत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बहुतेक."

ज्या बरणीतून आई आणली त्याच बरणीतून मिशाळ पोरं घेऊन मी एकटा रोह्याला परतलो. रायगडात कुणाला न जमलेली गोष्ट मी करून दाखवली होती आणि हे सांगावं असं एकही माणूस मला आठवेना. शेजारीण तेवढी म्हणाली, "वाढली की सांगा. चिंच हाय माझ्याकडं."

वंश राहायचा तर नर पेणला जायला हवा होता. तसा निरोप आलाच. पुढच्या सुट्टीला मी पिवळ्याला नेऊन सोडलं. आता ती त्याची सासुरवाडी होती आणि टाकी पिवळीची. तिनं त्याला पहिल्या दिवशी असं हाणलं की त्याच्या पराची काळी किनार फाटली. सासऱ्यांनी त्याला लपायला फुटक्या कुंडीचा तुकडा ठेवला. "सोसू दे जरा," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून भाजी वाढली. बायको मात्र परतताना माझ्याबरोबर रोह्याला आली.

थंडीत केव्हातरी त्यांचं जमलं. पिवळीचा गळा पुन्हा फुगल्याचं कळलं आणि आम्ही दोघं पेणला गेलो. मला ओटीच्या पायरीवरच थांबवलं. सासूबाईंनी पिशवी उघडून आत काही पोहत नाही ना, ते पाहिलं. सासरे स्टुलावर बसले होते, श्वास धरून, मूर्तीच्या डोळ्यावर वाकतात तसे काचेवर वाकलेले. पायरीवरून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती.

"आली," ते म्हणाले.

"मिशा हायत काय?" सासूबाईंनी विचारलं.

ते आणखी वाकले. बाहेर रस्त्यावरून हातगाडी खडखडत गेली.

"नाय," ते म्हणाले. "एकालापण नाय."

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मला विचारलं, "पेढे आणता का बर्फी?" मुलगा असेल तर पेढे, मुलगी असेल तर बर्फी, पण या जातीत एवढ्या लहानपणी नर-मादी कळत नाही. मी पायरीवरूनच मान लांब करून टाकीकडे बघू लागलो.

"दोन्ही आणा," सासरे मागं न बघता म्हणाले. "आणि आधी जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडते त्यांच्यावर."